रिसॉर्टवरचं सीफूड कोर्स-डिनर पहिल्यांदा जेवायला जाताय? बेळगावकरांसाठी सगळं सविस्तर

आपल्या भागातल्या लोकांना मासे काही नवे नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठलंही घर घ्या, वर्षातून एकदा तरी गाडी काढून गोव्याला नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याला जाणं होतंच, तिथली फिशथाळी, तुकडी फ्राय, सोलकढीची वाटी परत परत भरून घेणं हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण आता लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, पोराचा पहिला पगार असतो, नाहीतर बेंगळुरात नोकरी करणारी मुलगी म्हणते चला आईबाबा यावेळी चांगल्या बीच रिसॉर्टवर जेवूया, आणि मग ते पाच-सात कोर्सचं डिनर बुक होतं, म्हणजे सगळं एकदम न वाढता एकामागून एक येणारी पाच-सात लहान ताटं. तिथं गेल्यावर बरेच जण अवघडून बसतात. कुठला चमचा उचलायचा, एवढंसंच का वाढलं, अजून मागायचं का, बिल किती येणार. एवढे पैसे मोजायचे आणि वर अवघडून बसायचं हे बघवत नाही, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं एका जागी लिहिलंय.

आणि एक आधीच सांगते, या जेवणाची मजा टेबलावर बसल्यावर ठरत नाही. दोन-चार दिवस आधी तुम्ही फोनवर काय विचारलं आणि त्या दिवशी दुपारी काय खाल्लं, यावर निम्म्याच्या वर ठरते.

आधी महिना आणि वार बघा

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्हीकडं. माशांचा अंडी घालायचा काळ असतो तो, आणि समुद्रही खवळलेला. रिसॉर्ट मात्र चालूच असतात, रूम स्वस्त मिळतात, मेन्यूपण तोच असतो, पण ताटात येतं ते बहुतेक फ्रीझरमधलं, नाहीतर तळ्यात वाढवलेली कोळंबी, नाहीतर खाडीतलं थोडंफार. पावसातला समुद्र बघायला जरूर जा, पण सीफूड डिनरवर मोठा खर्च त्या दोन महिन्यांत करू नका असं माझं स्पष्ट मत. ऑगस्टमध्ये बोटी परत समुद्रात जातात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, पण तेव्हा आपल्याकडं श्रावण लागलेला असतो आणि मागोमाग गणपती, त्यामुळं बेळगावातल्या बहुतेक घरांना दसऱ्यानंतर ते मार्चपर्यंतचा काळच सोयीचा. हवा पण बरी असते, उघड्यावर बसता येतं.

मग वार. यल्लम्माचे मंगळवार-शुक्रवार पाळणारी घरं आपल्याकडं भरपूर, कुणाचा गुरुवार, कुणाचा सोमवार, मध्येच संकष्टी येते. सहा जणांचं बुकिंग केलं आणि ऐन वेळी दोघांचा वार निघाला तर त्यांनी नुसतं बघत बसायचं काय? तेव्हा कॅलेंडर समोर ठेवून सगळ्यांना विचारूनच तारीख ठरवा. जमलं तर शनिवार-रविवार टाळा, आणि ख्रिसमस ते न्यू इयरचा आठवडा तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळलेलाच बरा, रेट चढे असतात, गर्दी असते, आणि वाढणाऱ्या पोरांना तुमच्याशी दोन मिनिटं बोलायला उसंत नसते. पहिल्यांदा जाताना ती दोन मिनिटं फार महत्त्वाची असतात.

फोन करा, नुसतं ऑनलाइन बुकिंग नको

ॲपवर टेबल बुक होतं ते ठीक, पण त्यानंतर रेस्टॉरंटला स्वतः फोन लावा. इंग्लिशच बोलायला पाहिजे असं अजिबात नाही. गोव्यात मराठी चालते, हिंदी तर चालतेच, आणि आपल्या खानापूर-जांबोटीकडची कितीतरी पोरं तिकडं हॉटेलात कामाला आहेत, फोन उचलणाराच आपल्याकडचा निघाला तर नवल नाही. कसं विचारायचं म्हणाल तर सरळ असं, दादा आम्ही पाच जण येणार आहोत, पहिल्यांदाच कोर्स-डिनर घेतोय, जरा समजावून सांगा.

काय काय विचारायचं तेही सांगते. सेट मेन्यू आहे का आपण निवडायचं, म्हणजे सगळ्यांना ठरलेले सहा-सात कोर्स येणार का प्रत्येकानं कार्डावरून मागवायचं. माणशी रेट टॅक्स धरून का सोडून. ड्रिंक त्यात आहे का वेगळं. मेन्यूतले मासे इथल्या बोटींचे किती आणि बाहेरून आलेले किती. घरात कुणी शाकाहारी असेल तर त्याला पण तेवढेच कोर्स मिळतील काय, हे नक्की विचारा, कारण सहा जणांत एक शाकाहारी वहिनी असते आणि तिच्यापुढं एक पनीरची प्लेट ठेवून बाकी दोन तास तिला बसवून ठेवतात, हे बरं नव्हे. आधी सांगितलं तर चांगलं किचन तिच्यासाठी वेगळे कोर्स करतं, मश्रूम, फणस, शेवगा, कोवळी शहाळ्याची मलई, काय वाट्टेल ते. लहान मुलांना पूर्ण सेट घेऊ नका, त्यांच्यासाठी एखादी फिश फिंगर किंवा बटर-गार्लिक कोळंबी वेगळी मागवा.

ॲलर्जीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी खूप जणांना असते आणि कधी कधी मोठेपणी पण सुरू होते. पूर्वी कधी खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला असेल तर फोनवरच सांगा आणि बसल्यावर परत सांगा, कारण सूप, सॉस, तळणीचं तेल सगळ्यात कवचाचा अंश असू शकतो. जेवताना कुणाला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर लिंबूपाणी देत बसू नका, १०८ ला फोन लावा, तिन्ही राज्यांत हाच नंबर.

शेवटचा प्रश्न वेळेचा. सूर्यास्त बघत सुरुवात करायची असेल तर त्याच्या अर्धा तास आधीचं टेबल मागा. डिसेंबरात गोव्याकडं सहाच्या आसपास सूर्य बुडतो, मेमध्ये सात वाजायला येतात. आपल्याला नऊ-साडेनऊला जेवायची सवय असते पण सात कोर्सला अडीच-तीन तास लागतात, नऊला बसलात तर पोरं मेन कोर्सच्या आधीच झोपलेली असणार. शिवाय उघड्यावरचं म्युझिक रात्री दहाला बंद करावं लागतं, गाणी ऐकत जेवायची हौस असेल तर तेवढं पण लक्षात ठेवा.

त्या दिवशीचा प्रवास आणि दुपार

बेळगावातून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी असं पणजीला जायला सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आणि घाटातली वळणं धरून तीन-साडेतीन तास. खानापूर-लोंढ्याकडचे अनमोडवरून उतरतात, निपाणी-गडहिंग्लजकडच्यांना आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी सोपं पडतं. कुठूनही जा, पण डिनरच्या दिवशी सकाळी लवकर निघा आणि दुपारपर्यंत पोचून दोन तास आडवं व्हा. घाट उतरून सरळ टेबलावर बसलेल्या माणसाला, त्यात गाडी लागलेली असेल तर, कुठलाच मासा गोड लागत नाही.

आणि दुपारी फिशथाळी नको. हे सांगितलेलं कुणी ऐकत नाही, गोव्यात पाय ठेवला की पहिली थाळी पाहिजेच असते, मला समजतंय की. पण दुपारी भात, हुमण, तळलेला बांगडा, किसमूर असं पोटभर खाऊन सोडलं तर संध्याकाळी नाजूक चवीची पहिली चार ताटं तुम्हाला पाणचट वाटणार. जीभ मसाल्यानं भरलेली असते ना. थाळी दुसऱ्या दिवशी दुपारी खा, परत निघायच्या आधी. त्या दिवशी दुपारी पेज, दहीभात, फळं, असलं हलकं.

रात्री परत घाट चढायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. वाइनचे दोन ग्लास जरी झाले तरी गाडी चालवायची नाही, कायद्यानं १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा, आणि चोर्ल्यातलं धुकं, काळोख आणि वळणं कायद्यापेक्षा वाईट. मुक्काम धरूनच बजेट करा. त्याच रिसॉर्टवर रूम परवडत नसेल तर जवळ साधं लॉज बघा, डिनरला बाहेरच्यांना पण घेतात.

कपड्यांचं थोडक्यात. पुरुषांनी कॉलरचा शर्ट, फुल पँट, बंद चप्पल नाहीतर बूट. हाफ चड्डी आणि रबरी स्लिपर बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी चालत नाहीत. बायकांनी साडी, ड्रेस काय आवडेल ते, साडी कुठंही शोभते, फक्त टेबल वाळूवर असेल तर टाचेचं घालू नका. म्हाताऱ्या माणसांसाठी एक शाल ठेवा, समुद्राचा वारा रात्री अंगाला लागतो.

टेबलावर बसल्यावर

समोर तीन काटे, तीन सुऱ्या, दोन-तीन ग्लास मांडलेले असतील. घाबरू नका, नियम एकच, बाहेरून आत. पहिल्या कोर्सला सगळ्यात बाहेरची जोडी, पुढच्याला तिच्या आतली. डाव्या हाताची छोटी ब्रेडची प्लेट तुमची, उजव्या हाताचे ग्लास तुमचे. नॅपकिन मांडीवर घ्या, मध्येच उठलात तर खुर्चीवर ठेवा. खाणं चालू आहे आणि जरा थांबलाय तर काटा-सुरी प्लेटमध्ये तिरकी फाकवून ठेवा, झालं असेल तर दोन्ही शेजारी शेजारी सरळ ठेवा, म्हणजे न बोलता प्लेट उचलतात. एवढं आलं की पुरे.

पाणी कुठलं देऊ म्हणून पहिल्यांदा विचारतात. बाटलीचं महाग असतं, साधं फिल्टरचं मागितलं तर देतात, मागायला लाजू नका.

मेन्यूवर नावं इंग्लिश असतील, पण मासे आपल्या ओळखीचेच. स्नॅपर म्हणजे तांबोशी, सी-बास म्हणजे बहुतेक वेळा चणक, किंगफिश म्हणजे सुरमई, गोव्यात त्यालाच विसवण म्हणतात, ग्रूपर म्हणजे गोबरा, कालामारी माणके, मसल्स शिनाणे, क्लॅम्स तिसऱ्या, ऑयस्टर कालवं, लॉब्स्टर शेवंड. सॅमन दिसला तर तो आपल्या समुद्रातला नव्हेच, थंड देशातून बर्फात आलेला असतो, आणि बासा हा तर तळ्यात-नदीत वाढवलेला गोड्या पाण्यातला मासा. वाईट नाहीत दोन्ही, पण समुद्राच्या काठावर बसून बाहेरून आलेल्या माशाला एवढे पैसे का द्यायचे? निवड तुमच्या हातात असेल तर आज इथल्या बोटीचं काय आलंय ते द्या असं म्हणा.

काही माशांपुढं किंमत नसते, ए.पी.एस. किंवा मार्केट प्राइस असं लिहिलेलं असतं. म्हणजे वजनावर. इथं सगळ्यात जास्त लोक बिल आल्यावर दचकतात. तेव्हा तीन गोष्टी विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, किलोचा रेट काय, हा जो दाखवताय तो किती वजनाचा, आणि वजन साफ करायच्या आधीचं का नंतरचं. ट्रेमधून मासा दाखवायला आणतात तेव्हा नीट बघा, डोळे फुगीर आणि चकचकीत पाहिजेत, कल्ले लाल, दाबलं तर मांस परत वर यायला पाहिजे, आणि वास समुद्राचा, अमोनियाचा नव्हे. कॅम्पातल्या मासळी बाजारात आपण जसं बघून घेतो तसंच इथं बघायचं, रिसॉर्ट म्हणून सूट द्यायची नाही. आणि शेवंडेच्या पोटाखाली अंड्यांचा झुबका दिसला तर ती नको म्हणा, दुसरी मागा.

एकेक कोर्स

पहिल्यांदा एक घासाचं काहीतरी येतं, शेफकडून म्हणून, त्याचे पैसे नसतात. एका घासात खायचं. एवढंसंच का म्हणून नाराज व्हायचं नाही, अजून सहा यायचेत.

मग बहुतेक कच्चं किंवा थंड काहीतरी. कालवं असतील तर छोट्या काट्यानं आतलं मांस शिंपल्यापासून सोडवायचं, लिंबाचा थेंब, आणि शिंपला ओठाला लावून आत घ्यायचं, गिळून टाकायचं नाही, दोनदा तरी चावायचं, मग त्याची खरी चव समजते, खारट, किंचित गोडसर. सेविचे आलं तर तो लिंबाच्या रसात मुरवलेला मासा, आंबटानं मांस पांढरं होतं आणि शिजल्यासारखं दिसतं, पण तो शिजलेला नसतो, आंबटानं जंतू मरत नाहीत. म्हणून गरोदर बायका, लहान मुलं, खूप वय झालेले, लिव्हरचा त्रास किंवा डायबेटिस असलेले यांनी कच्चा कोर्स घेऊ नये, त्याऐवजी शिजवलेलं काहीतरी मागावं, चांगलं रेस्टॉरंट बदलून देतं. बाकीच्यांनी पण मनाला पटत असेल तरच खा, लोक काय म्हणतील म्हणून नको.

ब्रेड येईल, त्यावर ताव मारू नका.

सूपमध्ये बिस्क असेल तर ते शांतपणे प्या, माझ्या मते या सगळ्या जेवणातली खरी कारागिरी तिथं असते. कोळंबीची किंवा शेवंडेची डोकी आणि कवचं आधी बटरवर खरपूस भाजतात, त्यात कांदा, गाजर, टोमॅटो, बऱ्याचदा ब्रँडी, मग पाणी घालून उकळतात, कुटून गाळून घेतात आणि शेवटी क्रीम. आपण जे फेकून देतो त्याचा सगळा अर्क त्या वाटीत उतरलेला असतो. दारू चालत नसेल तर आधी विचारा. चमचा आपल्याकडून पुढच्या बाजूला फिरवून भरायचा आणि फुर्र आवाज जरा टाळायचा एवढंच.

गरम स्टार्टरला माणके, कोळंबी नाहीतर शिनाणे. माणके एकतर दोन मिनिटांत उतरवावे लागतात नाहीतर तासभर मंद शिजवावे लागतात, मधलं काही चालत नाही, रबर होतं. तुमच्या प्लेटमधले रबरासारखे लागले तर परत पाठवा, त्यात उद्धटपणा काही नाही, शांतपणे सांगायचं, दादा हे चिवट झालंय, बदलून द्याल काय. गोव्यातलं किचन असेल तर इथं रेचाद मसाला, बालचांव असलं काहीतरी येण्याची शक्यता, काश्मिरी मिरची, लसूण आणि व्हिनेगरचा तो मसाला आपल्या जिभेला लगेच आवडतो.

मग मध्येच सरबताच्या बर्फाचा एक छोटा गोळा येतो, लिंबाचा किंवा कोकमाचा. जेवण संपलं असं समजून बडीशेप मागू नका, तो जीभ साफ करायला असतो, खरं जेवण पुढं आहे.

इथपर्यंत तिखट खाणाऱ्या आपल्या लोकांना सगळं जरा फिकं वाटतंय असं होतं. आधी दोन घास तसेच खा, चांगल्या ताज्या माशाची स्वतःची गोडी असते ती बिनमसाल्याचीच समजते. त्यानंतरही नाहीच आवडलं तर लिंबू, बारीक चिरलेली मिरची मागा, देतात. पण प्लेट आल्या आल्या मीठ-मिरची शिंपडायची नाही, चव न बघता.

आता मेन कोर्स, आणि इथं जरा थांबून सांगते कारण लोक इथंच गांगरतात.

अख्खा मासा आला, समजा ग्रिल केलेली तांबोशी. फिशची सुरी वेगळी असते, पसरट, बोथट, ती कापायला नसतेच, मांस सोडवायला असते. डोक्याच्या मागं एक खाच पाडा, मग माशाच्या अंगावर मधोमध जी रेघ दिसते तिच्यावरून सुरी डोक्यापासून शेपटीपर्यंत हळूच ओढा. वरचं मांस पाठीकडं सरकवा, खालचं पोटाकडं, दोन्ही पट्ट्या सुटून येतात, त्या आधी खाऊन घ्या. मग शेपटीकडून काट्यानं मधला कणा उचला, नीट शिजलेला असेल तर अख्खा कणा कंगव्यासारखा वर येतो, तो बाजूच्या प्लेटमध्ये ठेवा, आणि खालचं सगळं मांस तुमच्यापुढं मोकळं. मासा उलटायचा नाही. डोळ्याखालचा गालाचा तुकडा विसरू नका, सगळ्यात मऊ तोच. आमच्या आत्तीनं आयुष्यात काटा-सुरी हातात धरली नव्हती, रिसॉर्टवर पहिल्यांदा ती बोथट सुरी दोनदा उलटीसुलटी करून बघितली आणि चणकेचा कणा असा एका दमात उचलून बाजूला ठेवला की वाढणारा मुलगा बघत उभाच राहिला. आजवर हातानं काटे काढलेत तिनं, माशाची रचना बोटांना माहीतच असते. तुमच्या पण आहे, फक्त बोटांच्या जागी सुरी आली.

एवढं करूनही काटा तोंडात आलाच तर दोन बोटांनी काढून प्लेटच्या कडेला ठेवायचा, नॅपकिनमध्ये थुंकायचं नाही. घशात अडकला तर भाताचा गोळा नाहीतर केळं गिळायचा उपाय करू नका, काटा अजून खोल रुततो, डॉक्टरकडं जा.

शेवंड मागवली असेल तर एक माहिती असू दे, आपल्या समुद्रातल्या शेवंडेला फोटोत दिसतात तसल्या मोठ्या नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात, आणि मांस बहुतेक शेपटीत. म्हणून नांग्या कुठं गेल्या असं विचारत बसायचं नाही, आणि अख्ख्या वजनाचे पैसे देताना खाण्यासारखं मांस निम्म्याहून कमी निघणार हेही धरून चालायचं. अर्धी चिरून देतात, काटा शेपटीच्या टोकाकडून आत घालून वर ओढला की मांस अख्खं निघतं. चीज-क्रीम घातलेला थर्मिडोर लोक मागवतात, मला विचाराल तर नुसती बटर-गार्लिक ग्रिल घ्या, एवढी महाग वस्तू चीजखाली कशाला झाकायची. खेकडा असेल तर सोबत नांगी फोडायचा चिमटा आणि बारीक सळई देतात, आणि इथं हातानं खाल्लेलं चालतं, कुठल्याही भारी रेस्टॉरंटात चालतं. नंतर कोमट पाण्यात लिंबाची फोड घातलेली वाटी येईल, ती बोटं बुडवायला, प्यायला नव्हे.

ड्रिंकबद्दल थोडंच. माशाबरोबर थंड पांढरी वाइन चांगली जाते, दर कोर्सला वेगळी घ्यायची काही गरज नाही, एका ग्लासावर तीन कोर्स निभावतात. न पिणाऱ्यांनी कोल्ड्रिंक घेऊ नका, गोडीनं माशाची चव मरते, ताजं लिंबू-सोडा किंवा सोलकढी मागा. मेन्यूवर नसली तरी गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या किचनमध्ये सोलकढी बहुतेक असतेच.

दोन कोर्समध्ये दहा-पंधरा मिनिटं जातात. हा वेळ मुद्दाम ठेवलेला असतो, उशीर म्हणून हाक मारायची नाही. उठून जरा पाण्यापर्यंत जाऊन या, पोरांना घेऊन जा. तरी वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि कुणी फिरकलंच नाही तर मात्र विचारा. पोट भरत आलंय असं वाटलं तर तेही आधी सांगा, पुढचा कोर्स लहान करून देतात, नुसतं टाकून द्यायला नको.

गोडात गोव्यात बेबिंका असेल तर तीच घ्या. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा आणि तूप, एकेक थर वेगळा भाजून त्यावर दुसरा, परंपरेनं सात थर, २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला जी.आय. टॅग, म्हणजे हा पदार्थ त्याच भागाचा अशी सरकारी ओळख, पण मिळाला. त्यात अंडं असतं, शाकाहारी वहिनीला आधी सांगा.

बिल

बिल आलं की ओळ न् ओळ वाचा, घाईनं कार्ड देऊ नका. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर ५ टक्के जी.एस.टी. असतो, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला ७५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के, म्हणजे १०,००० च्या जेवणावर ५०० ऐवजी १८०० रुपये. मोठ्या बीच रिसॉर्टवर जाताना हे १८ धरूनच बजेट करा. दारूला जी.एस.टी. नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो देणं तुमच्या मर्जीवर आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं तो आपोआप बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्या सूचना कायम ठेवल्या. काढा म्हटलं की काढतात. पण ज्या पोरानं तीन तास उभं राहून प्रत्येक ताट समजावून सांगितलं त्याच्या हातात टिप मात्र नक्की द्या, शक्यतो रोख.

उरलेलं पॅक करून घ्यायचं असेल तर ग्रिल केलेला मासा चालतो, रूममध्ये फ्रीज असेल तरच. कच्चे कोर्स, शिंपल्याचे प्रकार, क्रीमचे सॉस घेऊ नका. आणि शेफला भेटून दोन शब्द बोलायचे असतील, किंवा त्या कोकमाच्या सरबताचं प्रमाण विचारायचं असेल, तर गोड यायच्या आधीच वाढणाऱ्याला सांगून ठेवा, नंतर किचन आवरायला घेतात आणि शेफ निघून गेलेला असतो.